चवीची घराणी : बेल्जियमच्या बिअरविषयी थोडेसे

जुन्या मराठी घरांतून बिअरचा विषय निघालाच, तर तो आवाज खाली आणून निघतो. तेव्हा आरंभीच सांगितलेले बरे, की प्रस्तुत लेख कुणाला प्यायला लावण्यासाठी लिहिलेला नाही. तो चवीविषयी आहे. ज्या देशात धान्य आंबवून केलेल्या एका पेयाच्या शेकडो तऱ्हा आजही सुखाने नांदतात, आणि ज्याच्या या परंपरेला युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्या देशाची ओळख त्याच्या पेल्यातून करून घ्यायला हरकत कसली?

कामानिमित्त बेल्जियमला तीनचार वेळा राहण्याचा योग आला आणि तेथे मला हा नाद लागला. केरळाहूनही लहान असा हा देश. उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश लोक, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालून. दोघांचे बहुतेक बाबतींत जमत नाही, पण बिअरवर एकमत. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे तीन हजारांवर ब्रुअऱ्या होत्या. पुढे दोन महायुद्धांनी आणि मोठ्या कंपन्यांनी त्यांतल्या बहुतेक गिळल्या. पण १९१९ च्या एका कायद्याने उरलेल्यांना निराळेच वळण लावले. त्या कायद्याने सार्वजनिक पेयगृहांत कडक दारू विकण्यास बंदी केली. तेव्हा ब्रुअरीवाल्यांनी बिअरच अधिक तेज करायला घेतली. नेहमीच्या बिअरमध्ये मद्यार्क चार-पाच टक्के असतो. येथे आठ, नऊ, क्वचित अकरा टक्क्यांपर्यंत जातो. साहजिकच ती घटाघट पिण्याची वस्तू राहिली नाही. चमच्याने आटीव बासुंदी खावी तशी सावकाश घ्यायची.

तुलना करून चाखायची, तर काही पथ्ये पाळावी लागतात. बर्फासारखी गार बिअर कधी घेऊ नये. गारठ्याने जीभ बधिर होते आणि सगळ्याच बिअरी सारख्या लागतात. हलकीपासून जड, फिकीपासून गडद असा क्रम ठेवावा. मध्ये पाणी आणि पावाचा तुकडा. एक पेला दोघा-तिघांत वाटून घ्यावा. आणि पेला ज्या बिअरचा त्याच बिअरला द्यावा. तेथे प्रत्येकीचा पेला ठरलेला असतो. रुंद तोंडाच्या पेल्यातून वास मोकळा होतो, निमुळत्यात फेस टिकतो.

आरंभ करावा पांढऱ्या बिअरपासून. हूगार्डन या गावी गव्हाची, गढूळसर पांढुरकी बिअर शतकानुशतके होत असे. तिथली शेवटची ब्रुअरी १९५७ साली बंद पडली. पिएर सेलिस नावाचा गावातला दूधवाला लहानपणी त्या ब्रुअरीच्या शेजारी राहून तिथे हाताखाली कामे करीत असे. त्याने १९६६ च्या सुमारास ती बिअर आठवणीतून पुन्हा उभी केली. तिच्यात संत्र्याची वाळलेली साल पडते, आणि काय पडत असेल? धने! पेला नाकाजवळ नेला, की आपल्या स्वयंपाकघरातला डबा उघडल्यासारखे वाटते. आज ती ब्रुअरी एका बलाढ्य कंपनीच्या मालकीची आहे, पण एका माणसाच्या आठवणीने बिअरचा एक वंश वाचला, हे खरेच.

दुसरे घराणे मठांचे. ट्रॅपिस्ट पंथाचे ख्रिस्ती साधू मौन, प्रार्थना आणि अंगमेहनत यांवर जगतात, आणि मठाचा खर्च निघावा म्हणून काही मठ बिअर करतात. ट्रॅपिस्ट म्हणवून घेण्याचे नियम कडक आहेत : बिअर मठाच्या आवारात व्हावी, साधूंनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली व्हावी, आणि मठाचा निर्वाह भागून उरलेला पैसा परोपकारात जावा. वेस्टमाल मठाची सोनेरी ‘ट्रिपल’ १९३४ पासूनची. साडेनऊ टक्के मद्यार्क, पण जिभेवर त्याचा भार वाटत नाही. आरंभी पिकल्या केळ्याचा वास, मध्ये मध, आणि शेवटी स्वच्छ कडसर. रोशफोरची दहा क्रमांकाची बिअर याच्या अगदी उलट : काळसर, दाट, खजूर आणि काकवीच्या जातीची. थंडीच्या रात्री अर्धा पेला पुरे.

आणि ऑर्वाल! फ्रेंच राज्यक्रांतीत उद्ध्वस्त झालेला मठ पुन्हा बांधण्यासाठी १९३१ साली इथे ब्रुअरी काढली. तिची विक्रीची बिअर एकच; पण ती एकच बिअर वयाप्रमाणे बदलते. बाटलीत भरताना तिच्यात एका रानटी जातीचे यीस्ट सोडतात, आणि ते महिनोन्‌महिने आत काम करीत राहते. ब्रसेल्सच्या एका जुन्या पेयगृहात मी दोन ऑर्वाल शेजारी शेजारी मांडून चाखल्या : एक नुकतीच भरलेली, दुसरी वर्षाची. पहिलीत हॉपच्या फुलांचा ताजा कडवटपणा. दुसरीत तो ओसरलेला, गोडी जवळजवळ संपलेली, आणि वास ओल्या गवताचा, जुन्या चामड्याचा. बाटल्यांवरचे शिक्के सारखेच होते. तेथले जाणकार गिऱ्हाईक ‘तरुण की म्हातारी’ ते सांगूनच मागते.

तिसरे घराणे सर्वांत जुन्या चालीचे, नाव लांबिक. घरचे विरजण पिढ्यान्‌पिढ्या जपावे, तसे इतर ब्रुअरीवाले आपापले यीस्ट जपतात. लांबिकवाला मात्र काहीच घालीत नाही. जव आणि गहू उकळून काढलेला रस तो छपराखालच्या उथळ रुंद पात्रात रात्रभर उघडा ठेवतो. सेन नदीच्या खोऱ्यातली हवा त्याला विरजण लावते. सकाळी तो रस लाकडी पिंपांत जातो आणि तिथे एक, दोन, तीन वर्षे पडून राहतो. मग वेगवेगळ्या वयांच्या पिंपांतले मिश्रण बाटलीत भरतात, ते पुन्हा आंबते, आणि शँपेनसारखे बूच उडवीत बाहेर येते. त्याला ग्यूझ म्हणतात. ब्रसेल्समध्ये १९०० साली निघालेली ‘कांतियों’ ही ब्रुअरी आजही हेच करते. तिथल्या माळ्यावरची कोळिष्टके झाडीत नाहीत. कोळी किडे-माश्यांचा बंदोबस्त करतात. तिथला पहिला घोट मला आमसुलाची आठवण देऊन गेला; मागोमाग लिंबाची साल आणि तळघरातले ओले लाकूड. पहिल्या घोटाला तोंड वाकडे होते. तिसऱ्या घोटाला दुसरे काही नको वाटते.

‘यांतली सर्वांत चांगली कोणती?’ असे मित्र विचारतात. ग्वाल्हेरचे गाणे किराण्याच्या मापाने कुणी मोजीत नाही. ट्रिपलमध्ये आंबटपणा आला तर तो दोष. ग्यूझमध्ये नसला तर दोष. प्रत्येकीला तिच्या कायद्याने तोलावे. आपल्या शहरात गाणे ऐकत वाढलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

पण चवीच्या या घराण्यांवर आज सावट आहे, आणि ते नुसत्या व्यापाराचे नाही. आखेलचा मठ पाहा. साधूंची संख्या घटत गेली, आणि २०२१ साली तिथल्या बिअरचे ट्रॅपिस्ट हे बिरुद गेले. २०२३ मध्ये मठ खासगी मालकाकडे आला. आता बेल्जियममध्ये असे पाचच मठ बिअर करतात. लांबिकचे संकट वेगळे. तिला थंड रात्री लागतात. उकाड्यात हवेतून भलतेच जंतू शिरून सगळा रस नासतो. २०१५ च्या नोव्हेंबरात रात्री इतक्या उबदार राहिल्या, की कांतियोंला काम थांबवावे लागले. आजोबांच्या काळाच्या मानाने हंगाम आखडला आहे, असे तिथले चालक सांगतात. कृती वहीत उतरवता येते, यंत्रे विकत मिळतात. साधूंची वाण आणि गार वाऱ्याची वाण मात्र कशाने भरून काढायची?

महाराष्ट्राबाहेर पाच-सहा पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना हा प्रश्न परका वाटू नये. मसाल्याचे प्रमाण आपण जपले. पण ते प्रमाण ज्या हातांच्या अंदाजात होते, ते हात गेल्यावर चव किती उरली, हे ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक आहे.

तेव्हा पुढेमागे कुणाचा मुलगा-नातू ब्रसेल्सला निघालाच, तर त्याला रागावू नका, एवढेच सांगा. हिवाळ्यात जा. एक पेला दोघांत घे. चांगली कोणती, असे तिथे विचारू नकोस. कुठली, कुणाच्या हातची आणि किती महिन्यांची, एवढे विचार, आणि सावकाश चाख.