मूर्तिलेखनाचे सहा दिवस

गतवर्षीं चिरंजीवांकडे इंग्लंडांत गेलों असतां, माझा रिकामपणा पाहून सूनबाईंनीं मला सहा दिवसांकरितां एका ख्रिस्ती मठांत धाडून दिलें. ग्रीक व रशियन चर्चांतून फळीवर चितारलेल्या ज्या पवित्र मूर्ति असतात, त्या काढण्याची जुनी विद्या तेथें शिकवितात. शिक्षिका एक वृद्ध संन्यासिनी. जन्मभर खडू धरलेल्या मास्तराला पुन्हा बांकावर बसण्यांत मौज वाटली.

लिंडन झाडाच्या फळीवर कापड चिकटवून, खडूच्या भुकटीचे व सरसाचे अनेक थर देऊन ती हस्तिदंतासारखी घासलेली होती. तो सरस कातड्याचा असतो हें मागाहून कळलें तें बरेंच झालें! तेजोवलयाच्या जागीं तांबड्या मातीचा लेप असतो. त्यावर तोंडानें ऊन श्वास सोडला कीं लेप ओलसर होऊन सोन्याचा वर्ख तत्काळ बसतो. माझा श्वास अपुरा पडला व वर्ख उडून शेजारणीच्या बाहीला चिकटला.

तिसऱ्या दिवशीं रंग कालविण्याची वेळ आली आणि माझ्यापुढें अंडें ठेवण्यांत आलें. रंगाची पूड बलकांत कालवितात, आणि तो बलक ज्यानें त्यानें स्वतः काढावयाचा. सहासष्ट वर्षांत मी अंड्यास शिवलों नव्हतों. शेजारीण माझें अंडें फोडून देण्यास तयार होती. पण दोष दुसऱ्याकडून घडवून आपण सोंवळें राहावें, हें मनास पटेना. संन्यासिनीनें माझी अडचण ऐकली. आग्रह केला नाहीं, हसलीही नाहीं. शेवटीं मीं तें फोडलें. बलक या तळहातावरून त्या तळहातावर घेत पांढरें निथळविलें, मग वरचा पातळ पडदा चिमटींत धरून भोसकला. हात कितीदां धुतले तरी त्या रात्रीं अन्न गोड लागलें नाहीं.

मूर्ति ‘काढली’ असें न म्हणतां ‘लिहिली’ असें तेथें पुष्कळ जण म्हणतात, कारण ग्रीक भाषेंत लिहिणें व चितारणें यांस एकच धातु आहे. आपल्या ‘लिख्’ धातूचेंही तसेंच. चित्राला संस्कृतांत आलेख्य म्हणतात हें वाचकांस ठाऊक आहेच. इ. स. 787 मध्यें नायसिया येथील धर्मपरिषदेनें या चित्रांचें वंदन मान्य केलें, तें असें सांगून कीं, चित्राला दिलेला मान ज्याचें चित्र त्याला पोंचतो. उपासना मात्र एकट्या ईश्वराची. आपले ध्यानश्लोक जसे देवतेचा वर्ण व आयुधें ठरवून देतात, तसें तेथेंही रूप परंपरेनें ठरलेलें. चेहरा आधीं काळपट हिरव्या रंगानें भरावयाचा आणि थरामागून थर देत त्यांतून उजेड बाहेर काढावयाचा.

येथेंच माझ्याकडून आगळीक घडली. बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मरियेच्या ओठांस मीं किंचित् हसूं दिलें. मला आई आठवली होती. संन्यासिनीनें पात्यानें तें हळूच खरवडलें व नमुना माझ्यापुढें सरकविला. मला राग आला. निबंधांत आपल्या मनचें लिहिणाऱ्या पोरांच्या वाक्यांवर मीं तांबडी पेन्सिल किती वेळां ओढली असेल, हें राग ओसरल्यावर आठवलें. तिचें बरोबर होतें असें बुद्धि सांगते. हात अजून ऐकत नाहीं.

चित्र पुण्यास आणलें. सौभाग्यवतीनें अंड्याची हकीकत ऐकून एवढेंच म्हटलें, “हें देवघरांत नाहीं हो ठेवायचें.” पुस्तकांच्या कपाटावर ठेवलें आहे. परवां चष्मा लावून तिनें तें न्याहाळलें व म्हणाली, “ओठांशीं कांहीं खोडल्यासारखें दिसतें.” मग मीं तिला आईची गोष्ट सांगितली.