जीवाणूंची भागीदारी

विद्युत्घटामुळे तुम्हांला माहीत असलेल्या व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली इटलीतील माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळला आणि वर येणारे बुडबुडे बाटलीत गोळा केले. तो वायू जळत होता. आपल्याकडे गोबरगॅसच्या शेगडीत निळ्या ज्योतीने जळतो तोच हा वायू, मिथेन. हवा न लागता सेंद्रिय पदार्थ कुजले की मिथेन तयार होतो, हे आपण पुस्तकात वाचतो. पण तो तयार करतो कोण? या प्रश्नाच्या उत्तरात शास्त्रज्ञांची एक मोठी फसगत दडलेली आहे.

अमेरिकेतील बार्कर यांनी १९४० च्या सुमारास एक सूक्ष्मजीव वेगळा केला. पुढे तो ‘मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्याला अल्कोहोल दिले की तो ॲसेटिक आम्ल आणि मिथेन तयार करी. हा एकच जीव आहे, असे सर्वजण धरून चालले होते. १९६७ साली ब्रायंट, वुल्फ आणि वोलिन दांपत्य यांनी दाखवून दिले की, तो एक नसून दोन जीवांची जोडी आहे!

त्यांतील एक जीवाणू अल्कोहोल खातो आणि ॲसेटिक आम्ल व हायड्रोजन बाहेर टाकतो. दुसऱ्याला अल्कोहोल मुळीच चालत नाही. तो हायड्रोजन आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून मिथेन बनवतो. गंमत अशी की, पहिल्याला एकटे ठेवले तर समोर भरपूर अल्कोहोल असूनही त्याची वाढ लवकरच खुंटते. असे का व्हावे?

याचे उत्तर ऊर्जेच्या जमाखर्चात आहे. पावसाळ्यात बंद खोलीतले ओले कपडे वाळत नाहीत, कारण तेथील हवा बाष्पाने भरलेली असते. खिडकी उघडली, वाऱ्याने बाष्प वाहून गेले, की तेच कपडे वाळू लागतात. जीवाणूच्या रासायनिक क्रियेचेही तसेच आहे. हायड्रोजनचा दाब एक वातावरण असेल, तर अल्कोहोलच्या विघटनातून ऊर्जा मिळत नाही. उलट दर मोलमागे सुमारे १० किलोज्यूल पदरची घालावी लागते. असा तोट्याचा व्यवहार करून कोण जगेल? पण इतर गोष्टी तशाच ठेवून हायड्रोजनचा दाब एका वातावरणाच्या शंभराव्या हिश्श्यावर आणला, तर त्याच क्रियेतून दर मोलमागे सुमारे १३ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. तोट्याचा धंदा नफ्यात येतो!

हायड्रोजन हटवण्याचे हे काम दुसरा भागीदार करतो. तो त्याचे अन्नच आहे. म्हणजे एकाचा टाकाऊ पदार्थ हे दुसऱ्याचे जेवण, आणि दुसऱ्याचे जेवण झाल्याशिवाय पहिल्याचे पोट भरत नाही. विशेष म्हणजे हे दोघे जवळचे नातेवाईकही नाहीत. १९७७ साली वूज आणि फॉक्स यांनी दाखवले की, मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जीवाणूंहून अगदी वेगळ्या गटातले आहेत. या गटाला आज ‘आर्किया’ म्हणतात.

आता गोबरगॅसच्या टाकीत डोकावू. तेथे शेणातील पदार्थांपासून प्रथम साखरेसारखे साधे पदार्थ आणि मग निरनिराळी आम्ले बनतात. त्यांपैकी प्रोपिऑनिक आम्लाचे विघटन फारच अवघड. त्यासाठी हायड्रोजनचा दाब एका वातावरणाच्या सुमारे दहा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी राहावा लागतो. समजा, कोणी उत्साहाच्या भरात टाकीत एकदम खूप खरकटे ओतले. आम्ल बनवणारे जीवाणू झपाट्याने वाढतात. मिथेन बनवणारे मात्र सावकाश वाढणारे. हायड्रोजन साचतो, प्रोपिऑनिक आम्ल तसेच पडून राहते, आम्लता वाढते आणि त्यामुळे मिथेन बनवणारे आणखीच मंदावतात. टाकी आंबते आणि शेगडीची ज्योत विझते. अशा वेळी आणखी खाद्य घालणे म्हणजे आगीत तेल! काही दिवस खाद्य बंद ठेवून, चांगल्या चालणाऱ्या टाकीतील शेणकाला घालणे हा उपाय.

अशीच देवघेव पाणी साचलेल्या भातखाचरात आणि दलदलीत चालते. गाईच्या पोटातही हायड्रोजन असाच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. ही भागीदारी नसती, तर दलदलीच्या चिखलात आम्ले साचून कुजण्याचे काम अर्ध्यावरच अडले असते. पण या भागीदारीची दुसरी बाजूही आहे. हवेत निसटलेला मिथेन उष्णता अडवतो. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट. म्हणून भातखाचरातील पाणी मधूनमधून काढून टाकण्याचा सल्ला आज शेतकऱ्यांना दिला जातो. चिखलाला हवा लागली की मिथेन बनवणाऱ्यांचे काम थांबते.

कधी तळ्याकाठी गेलात, तर चिखलात काठी खुपसून पाहा. वर येणाऱ्या बुडबुड्यांतील मिथेन कोणा एकट्याच्या कष्टाने तयार झालेला नसतो.