कोपराचे तीन टेकू

एखाद्याला आशा दाखवून झुलवत ठेवण्याला आपण ‘कोपराला गूळ लावणे’ म्हणतो. कोपर स्वतःच्या तोंडापर्यंत कधीच पोहोचत नाही, हे त्यामागचे साधे निरीक्षण. पण हात तोंडापर्यंत पोहोचतो तो मात्र कोपरामुळेच. घास घेणे, केस विंचरणे, सदऱ्याचे वरचे बटण लावणे ही सारी कामे या सांध्यावर अवलंबून आहेत. रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांपर्यंत वाकणे पुरते, असे मॉरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवले. हे शंभर अंश गेले, की माणूस जेवणासाठीही परावलंबी होतो.

कोपरात तीन हाडे भेटतात. दंडाच्या हाडाच्या कप्पीला अल्ना हे हाड आकड्यासारखे धरते. आकड्याचे मागचे टोक म्हणजे आपण टेबलावर टेकवतो ते. पुढचे लहान टोक म्हणजे कोरोनॉइड. कावळ्याच्या चोचीसारखे दिसते म्हणून त्याला हे ग्रीक नाव मिळाले. बाहेरच्या बाजूला रेडियस या हाडाचे वाटोळे डोके असते आणि या सर्वांना अस्थिबंध बांधून ठेवतात.

दुचाकी घसरते, माणूस हात टेकतो आणि सारे वजन पिळा देत त्या हातावर येते. कोपर मागे निखळते, चोच तुटते, रेडियसचे डोके फुटते, बाहेरचा अस्थिबंध सुटतो. निखळणे आणि ही दोन हाडे मोडणे या त्रयीला हॉचकिस या अमेरिकी शल्यविशारदाने १९९६ मध्ये ‘भयंकर त्रयी’ म्हटले.

नाव भयंकर पडले, कारण उपचार फसत होते. फुटलेले डोके काढून टाकण्याची जुनी पद्धत होती. इतर दुखापतींत ती अनेकदा निभावूनही जाई. २००२ मध्ये रिंग, ज्युपिटर आणि झिल्बरफार्ब यांनी या त्रयीच्या ११ रुग्णांचा आढावा मांडला. नुसते बसवून आधारपट्टीत ठेवलेले कोपर सात जणांत पुन्हा निखळले. शस्त्रक्रियेनंतरही पाच जणांत निखळले. ज्यांचे डोके काढले होते ते चारही जण त्यांत होते. बिनकामाचा समजून काढलेला तुकडा हाच टेकू होता. चोच आधीच तुटलेली असताना तोही काढला, की सांध्याला अडवायला काही उरत नाही.

२००४ मध्ये प्यू, मॅकी आणि त्यांच्या कॅनडातील सहकाऱ्यांनी ३६ रुग्णांवर वापरलेला क्रम प्रसिद्ध केला. तत्त्व सोपे: आतून बाहेर या. आधी चोच, हाडाला भोके पाडून ओवलेल्या दोऱ्याने किंवा स्क्रूने. मग डोके, जोडता आले तर स्क्रूने. चुराच झाला असेल तर तेवढ्याच मापाचे धातूचे. माप मोठे झाले तर सांधा दाटतो आणि कूर्चा झिजते. शेवटी बाहेरचा अस्थिबंध दंडाच्या हाडाला पुन्हा शिवायचा. त्यानंतर टेबलावरच कोपर हलवून क्ष-किरणांखाली पाहायचे. अजून निसटत असेल तर आतला अस्थिबंध शिवायचा किंवा बाहेरून बिजागरीची चौकट लावायची. या रुग्णांना सरासरी ११२ अंशांची हालचाल परत मिळाली. तरी आठ जणांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली, हेही त्यांनी लपवले नाही.

एवढी बळकटी कशासाठी? तर हात लवकर हलवता यावा म्हणून. कोपर हा लवकर आखडणारा सांधा. कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये राहिला तर जागेवर बसतो, पण वाकत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांतच रुग्णाला स्वतःच्या बळाने, सांगितलेल्या मर्यादेत हात हलवायला लावतात. स्वतःच्या बळाने, हे महत्त्वाचे. आपल्याकडे अजूनही सुजलेले कोपर चोळून, ओढून सरळ करण्याचा प्रघात आहे. अशा जबरदस्तीने स्नायूंत हाड धरू शकते आणि सांधा कायमचा अडकतो.

कोपराला गूळ लागून उपयोग नाही, हे खरेच. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी रुग्ण आपल्याच हाताने गुळाचा खडा तोंडात टाकू शकला, म्हणजे तिन्ही टेकू जागेवर आहेत असे समजावे.