एका घोड्याची शिंगरे किती?

एखाद्या नामवंत घोड्याला आजवर किती शिंगरे झाली, हा प्रश्न वरवर पाहता साधा वाटतो. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांपुरता तो बराचसा साधाच आहे. त्या जातीत कृत्रिम रेतन निषिद्ध असल्यामुळे नर व मादी यांचा प्रत्यक्ष संयोग घडावा लागतो. अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या क्रीडा-अश्वांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांचे रेत उणे 196 अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठविता येते. एका वेळच्या रेतातून अनेक मात्रा तयार होतात, त्या परदेशी धाडल्या जातात आणि नराच्या मृत्यूनंतरही त्याची शिंगरे जन्मत राहतात.

जर्मनीत 1998 साली जन्मलेला चाको-ब्लू 2012 साली मरण पावला. तरी 2017 साली उडीच्या घोड्यांच्या जनकांच्या जागतिक क्रमवारीत तोच पहिला आला. परंतु ही क्रमवारी संततीने मिळविलेल्या गुणांवर ठरते. एकूण संतती किती, हे ती सांगत नाही.

मग ती संख्या काढावी कशी? एकाच नराला अनेक देशांतील पैदास संस्था मान्यता देतात आणि प्रत्येकीची नोंदवही वेगळी असते. काही शिंगरे कोणत्याच वहीत चढत नाहीत. विक्रीनंतर घोड्याचे नाव बदलते, म्हणून आता प्रत्येकाला पंधरा स्थानांचा कायम ओळखक्रमांक देण्याची पद्धत आहे.

नोंदींतील ही उणीव भरून काढण्यास तळ्यातील मासे मोजण्याची रीत उपयोगी पडते. समजा, सर्व नोंदवह्यांत मिळून एका नराची 2,000 शिंगरे आढळली. स्पर्धांच्या याद्यांत त्याची 300 अपत्ये सापडली आणि त्यांपैकी 200 नोंदवह्यांतही होती. म्हणजे नोंद दर तिघांमागे दोघांचीच होते; तेव्हा एकूण संतती सुमारे 3,000 धरावी लागेल. अर्थात स्पर्धेत उतरणाऱ्या घोड्यांची नोंद इतरांपेक्षा अधिक काटेकोर असते. त्यामुळे खरा आकडा याहूनही मोठा असण्याचा संभव आहे.

हा खटाटोप निव्वळ कुतूहलापोटी नाही. तीस यशस्वी अपत्ये तीनशेंतून निघाली की तीन हजारांतून, यावर नराची खरी योग्यता ठरते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या घोड्यांत त्वचा अतिशय नाजूक करणारा एक अप्रभावी आनुवंशिक दोष आढळतो. आई व बाप दोघांकडून तो आला, तर शिंगरू जगत नाही. दोषवाहक नर स्वतः निरोगी दिसतो. पण सरासरीने त्याची निम्मी संतती दोषवाहक निपजते. तीन हजारांचे निम्मे म्हणजे दीड हजार. हा दोष ओळखणारी जनुकीय चाचणी आज उपलब्ध आहे. परंतु ती किती जनावरांवर करावयाची, हे समजण्यासाठी आधी शिंगरांची संख्या ठाऊक असावी लागते.