मोफत वकील फक्त आरोपीलाच?

वडिलांच्या जमिनीत भावांनी वारस म्हणून नाव लावलं नाही, वाटपाचा दावा लावायचाय, पण वकिलाला द्यायला पैसे नाहीत, असं एखादी बाई म्हणाली की उत्तर ठरलेलं: "मोफत वकील आरोपींना असतो, जमिनीच्या भांडणाला नाही." शिकलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. मग ती बाई मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करते. याचा खरंच संताप येतो, कारण हे धादांत खोटं आहे.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 मधलं कलम 12 वाचा. पात्र व्यक्तीला दावा लावायलाही मदत मिळते आणि बचावालाही. दिवाणी-फौजदारी असा भेद तिथे नाही. वाटप, पोटगी, घर खाली करण्याचा दावा, अपघाताची भरपाई, सगळं त्यात येतं. वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी, टायपिंग आणि नकलांचा खर्चही मिळतो. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य मात्र दिसायला हवं.

गैरसमज टिकतो, कारण आरोपीला न्यायाधीशच विचारतात, वकील आहे का? दिवाणी दाव्यात सहसा कुणी विचारत नाही. अर्ज आपणच करावा लागतो.

"नोकरी करणाऱ्या बाईला मिळत नाही." मिळतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अटच नाही. फक्त उत्पन्नावरून पात्र ठरणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात मर्यादा वर्षाला 3 लाख रुपये आहे.

"दारिद्र्यरेषेचं कार्ड लागतं." नाही. कलम 13 नुसार उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र एरवी पुरेसं असतं. ते खोटं मानायला प्राधिकरणाकडे कारण असलं तरच गोष्ट वेगळी.

"वकील शेवटी पैसे मागतातच." प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. मागितला तर ज्या कार्यालयाने वकील दिला, तिथेच लेखी तक्रार करा.

अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करायचा. लिहिता येत नसेल तर तिथली माणसं लिहून घेतात. चौकशीसाठी 15100 हा क्रमांक आहे. तुमच्यावरच दावा होऊन समन्स आलं असेल, तर ते घेऊन लगेच जा. कैफियत द्यायला कायद्याने मुळात 30 दिवसच असतात.