सी. एम. सी. : देखभालीतून उभे राहिलेले जाळे

ज्या कंपनीचे नावच मुळी यंत्रांच्या देखभालीवरून पडले, तिने पुढे भारतातील पहिले व्यापारी संगणक-जाळे उभारावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ‘कॉम्प्यूटर मेन्टेनन्स कॉर्पोरेशन’ ही सरकारी कंपनी डिसेंबर १९७५ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. ‘टिफ्रॅक’ या देशी संगणकाच्या घडणीत त्यांचा प्रमुख वाटा होता.

१९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांचा भागभांडवलातील हिस्सा सामान्यतः ४० टक्क्यांवर आणण्याचे बंधन आले. आय. बी. एम. ने ते मानले नाही आणि १९७८ मध्ये भारतातील आपला कारभार गुंडाळला. तिची यंत्रे मात्र येथेच राहिली. त्यांच्या देखभालीचा भार सी. एम. सी. वर आला, व लवकरच इतर कंपन्यांची यंत्रेही तिच्या हाताखालून जाऊ लागली. विक्रेत्याच्या तंत्रज्ञास एकाच बनावटीचे यंत्र ठाऊक असते. निरनिराळ्या घराण्यांची यंत्रे ज्याला दुरुस्त करावी लागतात, त्याला ती एकमेकांशी कोठे जुळतात आणि कोठे अडतात हेही कळू लागते. कंपनीच्या पुढील कर्तृत्वाचे मूळ येथे शोधावे लागते. १९८४ साली तिने नाव नुसते ‘सी. एम. सी. लिमिटेड’ असे केले, ते यथार्थच होते.

‘इंडोनेट’ हे जाळे १९८६ च्या सुमारास सुरू झाले. मोठ्या शहरांतील मध्यवर्ती संगणक तारांनी जोडावयाचे आणि ज्यास स्वतःचा संगणक परवडत नाही अशा ग्राहकाने दुरून त्यांचा भाड्याने उपयोग करावयाचा, अशी ती कल्पना होती. परंतु संगणक एका संस्थेचे आणि तारा दुसऱ्या सरकारी खात्याच्या, ही रचनाच दुबळी होती. शिवाय स्वस्त वैयक्तिक संगणक टेबलावर येताच गणनकाल भाड्याने घेण्याचे प्रयोजन ओसरले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले, तेव्हा ‘इंडोनेट’ची कल्पना मागे पडलेलीच होती.

याउलट, जेथे जाळ्याचा धनी एक आणि हेतूही एक, तेथे ही कंपनी यशस्वी झाली. नवी दिल्लीस १९८५-८६ मध्ये सुरू झालेली रेल्वे आरक्षणाची ‘इम्प्रेस’ ही प्रणाली तिचीच. वरवर साध्या दिसणाऱ्या या कामातील खरी अडचण अशी की, दोन खिडक्यांवरील कारकुनांनी एकाच क्षणी एकच शायिका मागितल्यास ती एकासच मिळाली पाहिजे. त्यासाठी एक व्यवहार पुरा होईतो ती नोंद दुसऱ्यास बंद ठेवावी लागते. जाडजूड नोंदवह्यांच्या काळात हे काम वही ज्याच्या हाती तो कारकून करी. ही पद्धत पुढे मुंबईसह इतर केंद्रांत गेली. मात्र प्रत्येक केंद्र आपापले बेट होते. वणीसारख्या आडबाजूच्या गावाहून लांबच्या प्रवासास निघालेल्या माणसाची परतीच्या जागेची विवंचना केवळ महानगरांतील खिडक्यांवर संगणक आल्याने मिटणारी नव्हती. पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली ती एप्रिल १९९९ मध्ये, आणि तीदेखील रेल्वेच्याच ‘क्रिस’ या संस्थेच्या नव्या ‘कॉन्सर्ट’ प्रणालीने.

मुंबई शेअर बाजाराची कथा याहून निकडीची आहे. १८७५ पासूनचा हा बाजार मोठ्याने पुकारा करून व हातवारे करून चालत असे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाद्वारे देशभर समभागांचे व्यवहार सुरू केले, आणि जुन्या बाजाराच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. सी. एम. सी. ने तयार केलेली ‘बोल्ट’ प्रणाली १९९५ मध्ये कार्यान्वित झाली. एखादा भाग बिघडला तरी काम थांबू नये अशा रचनेची टॅन्डेम यंत्रे तिच्यासाठी वापरली गेली. बाजाराच्या सभागृहातील आरोळ्या त्याच वर्षी थांबल्या. मुंबईबाहेर विस्तारण्याची अनुमती मात्र १९९७ मध्ये मिळाली. प्रतिस्पर्ध्याने तोवर आघाडी घेतली होती, व तो दोष प्रणालीचा म्हणता येत नाही.

ऑक्टोबर २००१ मध्ये सरकारने कंपनीचे ५१ टक्के भाग १५२ कोटी रुपयांस टाटा समूहास विकले. २०१४ मध्ये शेअर बाजाराने समभागांचे व्यवहार जर्मन बनावटीच्या प्रणालीवर नेले. पुढच्याच वर्षी सी. एम. सी. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली.