टोरांटो इन सिक्स!

आइस हॉकीच्या प्लेऑफ्सची भाकितं करायला डोकं लागतं की जिगर? एका फॅनचा साफ फसलेला, तरी पैसे वसूल झालेला हिशेब.

एप्रिल २०२३. टोरांटोतल्या आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक मोठा तक्ता चिकटवला गेला आणि त्या दिवशी कुणीच धड काम केलं नाही. एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या प्लेऑफ्स तोंडावर आल्या होत्या. प्रत्येकाने २० डॉलर काढायचे आणि लिहून द्यायचं, कुठली सिरीज कोण जिंकणार आणि किती मॅचेसमध्ये.

मला तिथे जाऊन वर्ष झालं होतं. बर्फावरची हॉकी बऱ्यापैकी कळायला लागली होती. शिवाय आपण क्रिकेटवाली माणसं, आकडेमोड आपल्या रक्तातच. दोन रात्री जागून सॉलिड अभ्यास केला. बॉस्टन ब्रुइन्सने त्या सीझनमध्ये ८२ पैकी ६५ मॅचेस मारल्या होत्या, १३५ पॉइंट्स. दोन्ही लीगचे रेकॉर्ड! त्यांच्यासमोर फ्लोरिडा पँथर्स, ९२ पॉइंट्सवर कसेबसे आत घुसलेले, सोळा टीम्समध्ये सगळ्यात कमी. डोळे मिटून लिहिलं, 'बॉस्टन इन फाइव्ह'.

गोची होती ती टोरांटोची. समोर टॅम्पा बे लाइटनिंग. २०२० आणि २०२१चे चॅम्पियन, २०२२चे फायनलिस्ट. आणि टोरांटो मेपल लीफ्स? शेवटचा स्टॅनले कप १९६७ मध्ये. शेवटची सिरीज जिंकली २००४ मध्ये. मन म्हणत होतं टोरांटो, पण मी लिहिलं 'टॅम्पा इन सेव्हन'.

मागून आवाज आला, "अगं, ज्या गावात राहतेस त्याच्याच विरुद्ध?"

आमच्या ऑफिसातले काका. मूळचे नागपूरचे. २००४च्या हिवाळ्यात टोरांटोत उतरले, म्हणजे लीफ्सची ती शेवटची जिंकलेली सिरीज त्यांची थोडक्यात हुकली. त्यानंतर १९ वर्षं एकही नाही. २०१३ मध्ये तर सातव्या मॅचमध्ये ४-१ अशी आघाडी असताना लीफ्स बॉस्टनकडून हरले. तरी टीम प्लेऑफमध्ये आली की काकांच्या रकान्यात एकच ओळ असायची, 'टोरांटो इन सिक्स'.

"काका, पण लॉजिक काय त्याच्यात?"

"लॉजिकने इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचं. हे नाही."

मी हसले. पण खरं सांगायचं तर या खेळात लॉजिकवाल्यांचीच जास्त वाट लागते. फंडा साधा आहे. ३२ टीम्समधून १६ प्लेऑफमध्ये येतात. चार राउंड, प्रत्येक सिरीजमध्ये आधी चार मॅचेस जिंकेल तो पुढे. ऐकायला वाटतं, सात मॅचेस म्हणजे चांगली टीमच जिंकणार. पण बास्केटबॉलसारखे इथे शंभर पॉइंट्स होत नाहीत. दोन्ही टीम्सचे मिळून पाच-सहा गोल. त्यातला एक कुणाच्या तरी स्केटला लागून आत गेला की मॅच फिरली! त्यात प्लेऑफमध्ये शूटआउट नाही. टाय झाली की वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम, पहिला गोल पडेपर्यंत.

आणि सगळ्यात मोठा फॅक्टर म्हणजे गोलकीपर. तो दोन आठवडे तापला की समोरच्याचे आकडे गेले पाण्यात. एक नाव लक्षात ठेवा, सर्गेई बोब्रोव्हस्की. २०१९ मध्ये टॅम्पाने सीझनमध्ये ६२ मॅचेस जिंकल्या आणि पहिल्याच राउंडला कोलंबसने त्यांना ४-० असं उडवलं. कोलंबसच्या गोलमध्ये होता बोब्रोव्हस्की. २०२३ मध्ये तोच माणूस फ्लोरिडाकडे होता. हे मला माहीत होतं, बरं का! पण तो सिरीजच्या सुरुवातीला बेंचवर बसला होता, म्हणून मी त्याला मोजलाच नाही.

मग आला २९ एप्रिल, शनिवार. टोरांटो ३-२ने पुढे, सहावी मॅच टॅम्पात. अरेनाबाहेर मोठ्या पडद्यासमोर तुडुंब पब्लिक. १-१. ओव्हरटाइम. पाचव्या मिनिटाला जॉन टवारेसचा शॉट आत गेला आणि शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठीच मारली. मीही ओरडत होते. माझ्याच भाकिताविरुद्ध, माझेच २० डॉलर बुडताना! गर्दीत काका दिसले. ओरडत नव्हते. चष्मा काढून पुसत होते.

"सिक्स," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बॉस्टनची सातवी मॅच. ३-१ अशी सिरीजमध्ये आघाडी घेतलेली ही रेकॉर्डवाली टीम. मॅचला साधारण एक मिनिट उरलं असताना फ्लोरिडाने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये कार्टर वरहेगीने खेळ खल्लास केला. गोलमध्ये एव्हाना बोब्रोव्हस्की परतला होता. माझ्या तक्त्यावर दोन दिवसांत दोन मोठ्या फुल्या!

दुसऱ्या राउंडसाठी नवा तक्ता लागला. टोरांटो विरुद्ध फ्लोरिडा. आता मीही शहाणी झाले होते, म्हणजे मनाचं ऐकलं. 'टोरांटो इन सिक्स', काकांच्या बरोबर खाली. फ्लोरिडाने ४-१ने धुतलं. पुढच्या राउंडमध्ये कॅरोलायनाविरुद्धची पहिली मॅच तर चौथ्या ओव्हरटाइमचे १३ सेकंद उरले असताना संपली. बोब्रोव्हस्कीने त्यात ६३ शॉट्स अडवले. फ्लोरिडा थेट फायनलला पोचली. तिथे व्हेगासकडून हरली, पण २०२४ आणि २०२५ मध्ये लागोपाठ कप उचलला.

डोक्याने लिहिलं तेव्हा हरले, मनाने लिहिलं तेव्हाही हरले. पण दुसऱ्यांदा हरल्यावर मी आणि काका पॅन्ट्रीत कॉफी घेऊन तासभर बसलो. पहिल्या वेळी मी जिंकले असते, तर त्या शनिवारी कुणाबरोबर बसले असते?

मी आता परत आलेय. तिकडच्या संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेचारला. २०२५च्या एप्रिलमध्ये काकांचा मेसेज आला, 'टोरांटो इन सिक्स'. समोर ओटावा होती. टोरांटो खरंच सहा मॅचेसमध्ये जिंकली! पुढच्या राउंडला पुन्हा फ्लोरिडा, पुन्हा तोच मेसेज. लीफ्स २-०ने पुढे गेले आणि सातव्या मॅचला घरच्या अरेनात ६-१ने हरले. मी काकांना काय लिहावं, सुचेना. शेवटी त्यांचाच मेसेज आला.

"पुढच्या वर्षीचं आत्ताच लिहून ठेव."

तुम्हीही भाकीत करणार? मग हे वाचा

• टेबल टॉपरला भुलू नका. सीझनमधल्या बेस्ट टीमला प्रेसिडेंट्स ट्रॉफी मिळते. १९८६ ते २०२५ या काळात ती ३९ वेळा दिली गेली. त्याच वर्षी कपही जिंकला, असं फक्त ८ वेळा झालं. शेवटचं शिकागो, २०१३.

• तळातल्यांना हसू नका. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज आपल्या कॉन्फरन्समधून आठव्या नंबरने आत आले आणि कप घेऊन गेले. २०१९चा चॅम्पियन सेंट लुईस त्या जानेवारीच्या सुरुवातीला अख्ख्या लीगमध्ये तळाला होता.

• ३-० झालं तरी टीव्ही बंद करू नका. १९४२, १९७५, २०१० आणि २०१४, असं चार वेळा ०-३ वरून सिरीज फिरली आहे.

• गोलकीपर बघा. बेंचवर बसलेलासुद्धा.